शेवटच्या बांधीपासून

"शेवटच्या बांधीपासून," असं म्हणून बाबाजी उजवा हात टेबलावर सपाट ठेवायचे आणि फावड्यानं चिखल ओढावा तसा आपल्याकडे ओढायचे. मग डोळे मिटायचे. सभा सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून "विषय क्रमांक एक" म्हटलेलं असो की नसो.

तुम्हीही अशा सभा पाहिल्या असतील. सात-आठ भले लोक घरची कामं टाकून येतात, चहा होतो, आणि ज्याचा आवाज मोठा तो आधी बोलतो. बाकीचे माना डोलावतात. आमच्या संस्थेचंही तसंच झालं असतं. रोवण्याच्या दिवसांत बाया धानाची रोपं लावायला चिखलात उतरतात, तेव्हा त्यांच्या लेकरांना सांभाळायला गावोगावी पाळणाघरं चालवणारी ही लहानशी संस्था. कचेरी गोंदियाजवळ फुलचूरला, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी चालू असली की टेबल थरथरायचं आणि चहावर पीठ बसायचं. मी तिथे ठराव लिहायला लागले, आणि अजूनही लिहिते.

त्यांना सगळे बाबाजी म्हणत. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तेच, वेगळं काही नाही. चोरखमाऱ्याकडच्या एका गावचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरातले. गावच्या तलावाचं पाणी कोणाकडे कधी सोडायचं, हे त्यांनी अर्धं आयुष्य ठरवलं होतं. बांधी म्हणजे बांधानं वेढलेला धानाच्या शेताचा एक तुकडा. पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत जातं, आणि शेवटची कोरडी राहते ती राहतेच. बाबाजींच्या गावात रीत उलटी होती. आधी शेवटची बांधी भिजवायची, मग वर वर यायचं.

"डोक्यावरच्या बांधीले पाणी भेटतेच," ते म्हणायचे. "शेवटचीले विचारा लागते."

हीच रीत त्यांनी आमच्या सभेला लावली. आधी कोपऱ्यातल्यानं बोलायचं, अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी. कापडाच्या दुकानाचे शेठजी आमचे उपाध्यक्ष. त्यांचा आवाज बाजारात घडलेला, त्यांना हे फार जड जायचं. "बाबाजी, ये मीटिंग है, आपका खेत नहीं," ते कुरकुरायचे.

"फरक सांगा," बाबाजी डोळे न उघडता म्हणायचे.

माझी पहिली सभा मला आठवते. विषय होता पाळणाघर किती वाजता उघडायचं. सगळ्यांचं मत दहा. कचेऱ्या दहालाच उघडतात, मग पाळणाघर का नाही. बाबाजींनी हात ओढला आणि बोट माझ्याकडे केलं. "वो बाई, तू बोल."

मी मुळात तोंडाळ, माझ्या सासूला विचारा. पण तिथे मी नवी होते. म्हटलं, "मी सदस्य नाही, मी फक्त लिहायला आहे."

"लिहणारा ऐकते," ते म्हणाले. "कोणाची बोली कोठची आहे, हे मलेही ऐकू येते."

मी चिडले, खरं सांगते. माझी आई रोवण्याला मजुरीनं जायची, हे मी गोंदियात कोणाला सांगितलेलं नव्हतं. शहरात बरी साडी नेसून, हिंदीत दोन वाक्यं टाकून मी ते झाकून ठेवलं होतं. आणि हा म्हातारा सात लोकांसमोर त्यावरचं झाकण काढत होता. पण तोंड उघडलं ते उघडलंच. बाया सातला चिखलात असतात, मी म्हटलं. सहा वर्षांची असताना मी धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बांधावर बसायची, आणि दहा वाजेपर्यंत ती रडून रडून झोपलेली असायची. दहाला उघडलेलं पाळणाघर कोणाच्या कामाचं?

बाबाजी म्हणाले, "सात लिह." मी सात लिहिलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी ती संस्था नोकरी राहिली नाही, घर झालं.

हिवाळ्यात ते पिशवीभर उकडलेले शिंगाडे आणायचे. आम्ही ते सोलत सोलत चर्चा करायचो, आणि वहीच्या पानांवर जांभळे-काळे ठसे उमटायचे. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना ते मुळीच चालायचं नाही, पण शिंगाडे चालायचे. बाबाजींची जागा खिडकीपाशी. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ विमानं उडायची, त्यातलं एखादं गोल फिरत आमच्या खिडकीत यायचं आणि निघून जायचं. थोड्या वेळानं पुन्हा यायचं. बाबाजी मिटल्या डोळ्यांनीच आवाज मोजायचे. "हा तोच आहे. खाली टेकते अन् पुन्हा उठते. शिकून राहिला बिचारा."

अशा वेळी ते झोपेत बोलल्यासारखं बोलायचे. एकदा म्हणाले, "बांधीत पाणी भरलं की आभाळ खाली येते. मंग बाया आभाळातच रोवून राहतात. त्याईले माहीत नसते." आम्ही शिंगाडे खात ऐकत राहिलो. विषय क्रमांक चार तसाच राहिला आणि कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

एका वर्षी त्यांच्याच गावाजवळच्या टोल्याचं पाळणाघर बंद करायचं ठरत होतं. टोला म्हणजे गावाबाहेरची दहा-बारा घरं. लेकरं फक्त पाच. बाबाजींनी सभाच पुढे ढकलायला लावली आणि पुढच्या वेळी तिथल्या सेविकेला घेऊन आले. ती उभी राहून एवढंच म्हणाली, "पोरं पाचच आहेत. पण पाचही घरं तलावाच्या काठाले आहेत." पाळणाघर राहिलं. अडचण एकच होती. सेविका दुसऱ्या गावाहून यायची, तिला पोचायला आठ व्हायचे. सात ते आठ लेकरं कोण सांभाळणार? "मी," बाबाजी म्हणाले. तेव्हापासून त्या पाळणाघराची किल्ली त्यांच्या करदोड्याला. चार रोवणे त्यांनी ते दार सातच्या आत उघडलं.

पाचव्या रोवण्याच्या आधीपासून ते विसरायला लागले होते. आम्हाला दिसत होतं. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. मला माझ्याच आईच्या नावानं हाक मारायचे, कारण ते नाव मी एकदा सांगितलं होतं. आम्ही हसून वेळ मारून नेली. हसायला नको होतं.

श्रावणातल्या एका सकाळी सेविकेचा फोन आला. दाराला कुलूप, बाबाजींचा पत्ता नाही, पायरीवर चार लेकरं बसलेली, पाचवी नाही. तीन वर्षांची पोरगी. मी शेठजींना फोन केला, त्यांनी दुकान उघडं टाकून गाडी काढली. वाटभर दोन्ही बाजूंना बांध्या भरलेल्या होत्या, सगळीकडे पाणी आणि पाण्यात ढग.

पोचलो तेव्हा बाया रोवणं सोडून तलावाकाठी आल्या होत्या. त्या पोरीची आई छातीपर्यंत पाण्यात उतरली होती. ती ओरडत नव्हती. कमळाच्या पानांमधून हळूहळू चालत होती आणि पायांनी तळ चाचपत होती. ते चालणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दोघं सापडली ती तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पार दुसऱ्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली. बाबाजी छत्री धरून बसले होते, मांडीवर पोरगी गाढ झोपलेली. किल्ली कमरेला होती. आम्हाला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. माझी बाई झोपून राहिली." मग स्वतःच्या लेकीचं नाव घेतलं. ती लेक आता आजी झाली आहे. "पाण्याची पाळी आहे आज. मी उठलो तं शेवटची बांधी कोरडी राहीन."

आई ओल्या लुगड्यानं धावत आली, पोरीला उचललं, घट्ट धरलं. मला वाटलं आता ही म्हाताऱ्याला धरून झोडणार, आणि मी तिला अडवणार नव्हते. ती वळून दहा पावलं गेली. मग परत आली, एका कडेवर पोरगी, दुसऱ्या हातानं बाबाजींचा हात धरला आणि त्यांना त्यांच्या घरी पोचवून आली.

पुढच्या शनिवारी सभा होती. अध्यक्षबाईंनी मला आधीच बजावलं. बाबाजींसमोर विषय काढायचा नाही. वर्षाअखेरीला नवी यादी होईल, तेव्हा त्यांचं नाव हळूच सल्लागारांत घालू. तोपर्यंत किल्लीचं काहीतरी बघू. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. त्यांना दुखवायचं कोणाच्याच जिवावर येत होतं.

बाबाजी आले. त्या दिवशी डोळे स्वच्छ होते. हात टेबलावर ठेवला, आपल्याकडे ओढला. "शेवटच्या बांधीपासून," ते म्हणाले. "आज विषय मी आहो. वो बाई, तू बोल."

मी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. गिरणी चालू होती, माझ्या हाताखालची वही थरथरत होती. गप्प बसता आलं असतं. पण ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं, त्याच्याचसमोर कसं गप्प बसू?

"बाबाजी, किल्ली द्या," मी म्हटलं. "अन् आता तुम्ही थांबा. त्या दिवशी पोरगी तुमच्या मांडीवर होती म्हणून. पाण्यात असती तर?"

ते सदऱ्याखाली हात घालून करदोड्याची गाठ चाचपू लागले. गाठ सुटेना. बोटं नुसती फिरत राहिली. शेवटी मी उठले, त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि ती गाठ सोडली. गाठ पक्की होती, मला दात लावावा लागला. मी रडत होते.

"काऊन रडतेस?" ते म्हणाले. "बरोबर बोललीस. लिहून टाक." मग किल्ली माझ्या मुठीत दाबून म्हणाले, "हे त्या पोरीच्या मायले देजो. माय विसरणार नाई."

त्या आईनं किल्ली घेतली. सात ते आठ ती दारात बसायची, आणि तिच्या वाटचं रोवणं तेवढा वेळ बाकीच्या बायांनी वाटून घेतलं. बाबाजींची रिकामी झालेली जागाही तिलाच द्यायची, हे अध्यक्षबाईंनीच सुचवलं. ती टेबलाच्या टोकाला बसायला लागली.

आता मजा ऐका. पुढच्या सभेला बाबाजी हजर. नेहमीची बस, नेहमीची पिशवी. आपण थांबलो हेच ते विसरले होते. सदस्य नसलेल्याला निमंत्रणाशिवाय सभेत बसता येत नाही, हा नियम अध्यक्षबाईंनीच केलेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाल्या, "निमंत्रित असं लिहा." शेठजींनी खुर्ची खिडकीपाशी ओढली. "आओ बाबाजी, बैठो."

त्यांनी हात ओढला. "शेवटच्या बांधीपासून."

सवयीनं सगळ्यांनी टोकाला बसलेल्या तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आधी बाबाजी बोलू द्या."

बाबाजी बावरले. त्यांच्यापासून कधी सुरुवात झालीच नव्हती. त्यांचा हात सदऱ्याखाली गेला, कमरेपाशी काहीतरी शोधत राहिला. मग त्यांनी विचारलं, "पोरं अंदर गेली का?"

"सब अंदर हैं, बाबाजी," शेठजी म्हणाले.

"मंग ठीक आहे," म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर जवळपास दोन वर्षं आमची प्रत्येक सभा अशीच सुरू झाली. रोवणा असो नसो, पाळणाघरं उघडी असोत की बंद, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एकदा शेठजी गावाला गेले होते तर अध्यक्षबाईंनी हिंदीत उत्तर दिलं, कारण बाबाजींना त्या उत्तराची सवय झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी मोहाखाली खाट टाकून झोपले होते, ते उठले नाहीत.

त्यानंतरची पहिली सभा ऐन रोवण्यात आली. सगळे वेळेवर आले. खिडकीपाशी खुर्ची होती, ती कोणी ठेवली ते मी विचारलं नाही. वीज गेलेली, गिरणी बंद, टेबल कधी नव्हे ते स्थिर. बाहेर एक विमान गोल घेऊन आलं आणि गेलं. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, पण विषय क्रमांक एक त्यांच्या तोंडातून निघेना. मी पेन उघडून बसले होते.

शेठजींना आमच्यात येऊन पंधरा वर्षं झाली असतील, त्यांच्या तोंडून मी मराठीचं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आपला जाडजूड हात टेबलावर ठेवला, जरासा आपल्याकडे ओढला आणि टोकाला बसलेल्या तिच्याकडे बघत अगदी हळू विचारलं, "पोरं अंदर गेली का, बाई?"

तिनं पदर सावरला. पदराच्या टोकाला किल्ली बांधलेली होती.

"गेली," ती म्हणाली. "सातच्या आतच."

मग तिनंच पहिल्या विषयावर बोलायला सुरुवात केली, आणि मी लिहू लागले.