कार्ट्रिजला कुंकू

मानवतला आमचं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. प्रिंटरची शाई संपली, म्हणून दुबईच्या दिरानं कार्ट्रिज पाठवलं. नव्या वस्तूला लावतात तसं मी त्याला कुंकू लावलं. ह्यांनी ते बसवलं, तर कागद कोरेच निघायले. बाकावर नवरीचा बाप बसलेला, अन् आंदोलनामुळं बाजार कधी बंद पडेल याचा नेम नव्हता.

“तुझ्या कुंकवानंच वाटोळं केलं!” सगळ्यांसमोर हे माझ्यावर ओरडले अन् फडक्यानं कार्ट्रिज पुसत बसले.

शेवटी दिराला फोन लावला. त्याचा आवाज दुकानभर ऐकू आला, “दादा, इकडची शाई तिकडच्या मशीनला चालतच न्हाई म्हणं.”

ह्यांनी फोन ठेवला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “चहा टाक.”

मी ते लाल फडकं त्यांच्यापुढं धरलं. “आधी माझं कपाळ बी पुसा की.”