युसुफची उलटी प्रदक्षिणा

या सदरातले अनुभव मी जेवताना नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते आणि दोघं मिळून हसतो, हे आधीच सांगून टाकते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून बघितलं तर कुणीच नाही... अहो, कुणी नाही तर नाही! मी भूगोलाची बाई. जागा म्हटली की तिला अक्षांश-रेखांश हवेत. मिरजेला आमच्या गल्लीच्या टोकाला एक चिंच होती, तिच्याखालून लोक तिन्हीसांजेला जायचे नाहीत आणि मी मुद्दाम तिथूनच क्लासला जायचे. आज मीच हे लिहायला बसलेय. नवरा ऐकून ऐकून थकला आणि मुलगी म्हणते, "मम्मा प्लीज, किसी डॉक्टर को दिखाओ यार." मग म्हटलं, इथंच सांगावं. हसायचं तर हसा.

आम्ही चंदीगडला राहतो. नवरा सेक्टर ३०मधल्या सरकारी प्रयोगशाळेत आहे आणि मी सेक्टर २२मध्ये एका छोट्या खासगी ऑफिसात नकाशांचं काम बघते. बुटांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढला की पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. खालून दिवसभर छोले-कुलच्यांचा वास येतो. तिथं बसून आम्ही अफगाणिस्तानातल्या एका प्रांताचा नकाशा करत होतो. काम एका परदेशी मदतसंस्थेचं. प्रांताचं नाव सांगणार नाही, तिथं माणसं राहतात अजून.

काम तसं सरळ होतं. तालुक्याच्या हद्दी कुठून कुठपर्यंत, कुठला रस्ता गाडीचा आणि कुठली नुसती गाढवाची पायवाट, दवाखाना कुठं, शाळा कुठं, पिण्याचं पाणी कुठं. उपग्रहाच्या फोटोत छप्पर दिसतं हो, पण त्या छपराखाली डॉक्टर आहे का शेळ्या, हे कसं कळणार? म्हणून तिथली माणसं फोनवर आमचं अ‍ॅप चालू करून गावोगाव हिंडायची. दवाखाना असो, शाळा असो, हातपंप असो, त्याच्याभोवती पायी एक पूर्ण चक्कर मारायची. इकडे आमच्या स्क्रीनवर त्या चालण्याची रेषा उमटायची आणि जागेचा आकार पक्का व्हायचा. मी त्याला प्रदक्षिणा म्हणायचे. सर्व्हर सांभाळणारा आमचा गुरप्रीतसुद्धा ओरडायचा, "मॅमजी, परदक्खणा आ गई!"

हारून आमच्याकडे रोज दुपारी यायचा. अफगाण मुलगा, इथल्या विद्यापीठात एमएस्सी करत होता. तो तिकडे फोन लावून गावांची नावं तपासायचा. त्याला अ‍ॅप शिकवायला मी सेक्टरच्या बागेत नेलं होतं आणि पंपहाऊसला प्रदक्षिणा घालायला लावली होती, देवळात घालतो तशी, उजवीकडून. बागेतल्या बायका बघत होत्या. हा गडी एवढा मन लावून चालला की शेवटी मीच म्हटलं, बास रे बाबा, नमस्कार करू नकोस आता.

त्याचा थोरला भाऊ युसुफ त्याच प्रांतात आमच्यासाठी हिंडायचा. मोटरसायकलवर, आणि जिथं ती जात नाही तिथं पायी. माणूस कामाला वाघ. पण पठ्ठ्याची रेषा कायम उलटी! बाकी सगळे उजवीकडून, हा डावीकडून. सगळ्यांचं एकसारखं असलं की तपासायला सोपं जातं, म्हणून मी फोनवर त्याला झापलं. तो हसला. हिंदी त्याला बरी यायची, लहानपण पेशावरच्या निर्वासित छावणीत गेलेलं. म्हणाला, "मॅडमजी, हमारे यहाँ तवाफ़ ऐसे ही होता है. पैर ख़ुद मुड़ जाते हैं." तवाफ म्हणजे काबाभोवतीची प्रदक्षिणा, ती डावीकडूनच घालतात. आपले पाय जसे आपोआप वळतात तसे त्याचेही. सोडून दिलं. प्रत्येकाच्या रेषेला मी वेगळा रंग दिला होता, त्याचा हिरवा; पण पुढे पुढे तर रेषा उलटी दिसली की रंग किंवा नाव बघायची गरजच पडायची नाही.

हारून मला खाला म्हणायचा, म्हणजे मावशी. रविवारी जेवायला घरी यायचा. माझं थालीपीठ त्याला त्याच्या आईच्या बोलानीसारखं, म्हणजे तिकडच्या भरल्या रोटीसारखं, लागायचं. तसं काही नसतं, पण आईची आठवण आली की सगळंच तसं लागतं. माझी मुलगी त्याच्याशी हिंदीत क्रिकेटवर भांडायची. घरातलाच झाला होता पोरगा.

वसंतात तिकडे बर्फ वितळून नाल्यांना लोंढा येतो. अशाच एका लोंढ्यात युसुफ मोटरसायकलसकट वाहून गेला. काही दिवसांनी खूप खाली सापडला. चुलत्यानं स्वतःच्या हातानं दफन केलं. फोन गेला तो गेलाच.

मग त्यांच्या आईचा मला फोन आला. त्यांच्या गावात रेंज नाही, बाजाराच्या गावी येऊन चुलत्याच्या फोनवरून बोलत होती. रडत नव्हती. मोडक्यातोडक्या उर्दूत एवढंच म्हणाली, "बहन, मेरा एक रह गया है. उसको आने मत देना." इकडून परत गेलेल्या मुलाला पुन्हा व्हिसा मिळेल याची काही खात्री नव्हती, आणि तिकडची परिस्थिती तर तुम्ही बातम्यांत बघताच. मी म्हटलं, "नहीं आने दूँगी. मेरा वादा."

युसुफचं खातं मी स्वतः बंद केलं. इथपर्यंत सगळं या जगातलं आहे.

उन्हाळ्यात, भर दुपारी, बाहेर लू चाललेली आणि कूलर घरघरतोय, मी डबा खाऊन पुन्हा जागेवर बसले. स्क्रीनवर हिरवी रेषा सरकत होती. एका शाळेपाशी गेली, डावीकडून वळली आणि शाळेला पूर्ण चक्कर मारून पुढे निघाली.

मी गुरप्रीतला हाक मारली. तो म्हणाला, जुना डेटा कुठंतरी अडकला असेल, आता पोचतोय. म्हटलं, ठीक आहे. मग म्हणाला, पण खातं तर बंद आहे, हे आत आलंच कसं? म्हटलं, ते तू मला सांगायचंस, पगार तुला त्याचा मिळतो. त्यानं दोन दिवस सगळं उलटंपालटं केलं आणि शेवटी नुसती मान हलवली. रेषेवरची तारीख, ती दिसली त्याच दिवसाची होती.

मीही चिवट. म्हटलं, फोन वाहून कुणाच्या तरी हाती लागला असेल, तो घेऊन हिंडत असेल. पण रेषा रोज यायला लागली, आणि गेली कुठं? तर युसुफच्या राहिलेल्या गावांना, त्याच्याच क्रमानं. एके दिवशी तिनं एका दवाखान्याला चक्कर मारली. तो दवाखाना युसुफ गेल्यानंतर उभा राहिला होता, आमच्या कुठल्याही फोटोत नव्हता. म्हणजे जुना डेटाही नव्हे. मी हारूनला काही कळू न देता त्याच्याकडून तिथल्या कंपाउंडरला फोन लावून घेतला, दवाखान्याचं नाव तपासायचंय म्हणून. तपासता तपासता विचारायला लावलं, काल दुपारी कुणी भोवती चक्कर मारली का? कंपाउंडर म्हणाला, मी दिवसभर दारातच होतो, पेशंटची रांग बाहेरपर्यंत होती, कुणी फिरकलं नाही.

हारूननं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. तो काही दुधखुळा नव्हता. म्हणाला, "खाला, स्क्रीन दिखाइए."

दाखवावी लागली. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "ये मेरा भाई है."

"फोन कुणाला तरी सापडलाय रे. चोर असेल."

"चोर तवाफ़ क्यों करेगा?"

मी रागावले. दुसरं काही सुचेना की मी रागावते, सवयच आहे. म्हटलं, तुझ्या चुलत्यानं माती दिलीय त्याला. तो म्हणाला, चाचानं पाण्यात कुजलेला माणूस बघितला, युसुफला नाही बघितलं. म्हटलं, तुझ्या आईला मी शब्द दिलाय. तो परत जागेवर जाऊन गावांची नावं तपासायला लागला. मला वाटलं, पटलं.

पटलं कसलं डोंबल! पुढच्या शनिवारी सांगून गेला की पिंजौरला मित्राच्या घरी दोन दिवस राहतो. मी त्याला डब्यात थालीपीठं बांधून दिली. सोमवारी दिल्ली विमानतळावरून फोन. "खाला, माफ़ कर देना. भाई अकेला घूम रहा है." मी ओरडले, शिव्या दिल्या, मराठीत दिल्या, हिंदी आठवेचना. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बोर्डिंग हो रहा है," आणि फोन ठेवला.

काबूलला पोचल्याचा मेसेज आला. तिथून प्रांताच्या गाडीत बसल्याचा आला. त्यानंतर काही नाही. आईकडे तो पोचलाच नाही. चुलत्यानं रस्त्यावरच्या प्रत्येक गावात विचारलं, चौक्यांवर विचारलं. गाडीचा पत्ता नाही, ड्रायव्हरचा नाही. मी इथून ओळखीपाळखीतून दिल्लीपर्यंत फोन केले, सगळ्यांनी नाव लिहून घेतलं. माझी भूक मेली. नवरा म्हणायचा, तू काय करणार होतीस, बांधून ठेवणार होतीस का? ठेवायला हवं होतं.

मग डिसेंबरात, बाहेर एवढं धुकं की ऑफिसच्या खिडकीतून खालचा छोलेवालाही दिसत नव्हता, सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि हिरव्या रेषेच्या शेजारी निळी रेषा होती. निळी हारूनची, बागेत शिकवताना मीच त्याला दिलेला रंग. खरं सांगते, मी आनंदानं किंचाळले. जिवंत आहे पोरगं! भाऊही सापडला! गुरप्रीतनं माझ्यासाठी चहा मागवला, तोही हसत होता, डोळे पुसत होता. मी फोन लावला. बंद. मेसेज टाकला, पोचला नाही. चुलत्याला त्या गावात पाठवलं. त्या दिवशी भर दुपारी दोन रेषा ज्या शाळेभोवती फिरल्या होत्या, तिथं तेव्हा पोरं अंगणात खेळत होती. कुणी, कुणालाही, बघितलेलं नव्हतं.

हसू तिथंच गेलं. स्क्रीन मोठी करून बघितली. दोघं बरोबर येतात. इमारतीपाशी आले की एक डावीकडून जातो, एक उजवीकडून. मागच्या बाजूला एकमेकांना ओलांडतात, पुन्हा पुढे भेटतात आणि पुढच्या गावाला लागतात.

आईला सांगायचं की नाही यावर आमच्या घरी भांडणं झाली. नवरा म्हणाला, कशाला त्या बाईच्या जिवाशी खेळतेस? पण तिचा फोन आला आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. माझ्यामुळे शब्द मोडला, हेही सांगितलं. मग तिनं विचारलं, "साथ हैं दोनों?"

"हाँ बहनजी. साथ हैं."

तिनं अल्लाचे आभार मानले. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले.

तेव्हापासून दर शुक्रवारी तिचा फोन येतो. आज कुठं पोचले, मी सांगते. गावाचं नाव सांगितलं की तिला तिथले कुणीतरी नातेवाईक आठवतात. एकदा तिनं विचारलं, "हमारे गाँव कब आएँगे?"

मी नकाशा बघितला. तिच्या गावावर नुसता ठिपका आहे. दवाखाना नाही, शाळा नाही, हातपंप नाही, गाडीचा रस्ता नाही. पाणी बायका खालच्या नाल्यावरून आणतात. युसुफनंसुद्धा स्वतःच्या गावापुढे "काही नाही" एवढंच भरलं होतं. आमच्या कामात जिथं काही नाही तिथं थांबायचं कारण नसतं. दोन्ही रेषा त्या ठिपक्याच्या शेजारून वरच्या वाटेनं दोनदा गेल्या होत्या, आत वळल्या नव्हत्या.

हे एका आईला कसं सांगायचं? पण ती खोदून खोदून विचारत राहिली आणि मी सांगितलं. म्हटलं, ते जिथं काहीतरी असतं तिथंच थांबतात, बहनजी. दवाखाना, शाळा, पाणी.

ती म्हणाली, "पानी?"

"हाँ. कुआँ भी चलेगा."

परवा शुक्रवारी तिचा फोन आला. गावाच्या मधोमध विहीर खणायला घेतलीय. गाववाल्यांना वाटतं, गेलेल्या पोरांच्या सवाबासाठी, म्हणजे पुण्यासाठी, तिकडे तशी पद्धत आहे. तिनं कुणाला खरं सांगितलेलं नाही. खालचा दगड फार कठीण लागलाय, पण माणसं नेटानं खणतायत. तिनं मला विचारलं, भोवती किती जागा मोकळी सोडायला सांगू, दोघांना दोन्ही बाजूंनी नीट चालता येईल एवढी?

मी जागा सांगितली. आमचं काम मार्चमध्ये संपलं आणि सर्व्हर बंद करा असं वरून सांगून झालंय. मी गुरप्रीतला म्हटलं, हात लावलास तर बघ. तोही लावत नाही. हे काय आहे, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर त्यानं मला शहाणपण शिकवायला येऊ नये, एवढी विनंती आहे. पाणी लागलं की कळवते, म्हणालीय ती.