वाकून जाणारा साहेब

आखातातल्या फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर आमचा एक इंग्रज साहेब होता. ऑफिसची दारं चांगली उंच, तरी हा प्रत्येक दारात मान खाली घालून वाकायचा. आम्ही खुसखुसायचो.

"माझ्या गावातलं घर चारशे वर्षांचं आहे," तो सांगायचा. "वाकलं नाही तर चौकट कपाळ फोडते. साधी खिडकी बदलायलाही कौन्सिलची परवानगी लागते. बायको वैतागलीय, म्हणते विकून टाकू."

"आणि तुम्ही?"

"मी रिटायर होऊन तिथंच मरणार. इन्शाल्ला."

त्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर जाऊन आला. मी सहज विचारलं, "घर काय म्हणतंय, सर?"

"छान आहे," तो म्हणाला, आणि केबिनच्या दारातून न वाकता सरळ आत गेला.