हेडखालचा काळा ओघळ

समुद्रकाठच्या केरीच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी तिशीचा होतो. माझ्याकडे एक जुनी मोटारसायकल होती, डिचोलीच्या खाणीवरल्या एका सुपरवायझराकडून घेतलेली. घरी आणून धुतली तर इंजिनाच्या पात्यांमधून खाणीच्या मातीचं लाल पाणी येतच राहिलं. पेडण्याहून केरीला मी रोज तिच्यावरून जायचो. खारं वारं लागून आठवड्याभरात बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस पापुद्रा धरायचा.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. एका माणसाचं नाव मी खराब केलं. पण गाडी आल्याशिवाय ती गोष्ट पुढे सरकत नाही. शिवाय गाडीबद्दल बोलत राहिलं की मला जरा बरं वाटतं, हेही खरं.

तो माणूस म्हणजे पेडण्याच्या बाजाराजवळचा मेस्त्री. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. गाडीला तेल सुटतं म्हटलं की दुसरे लगेच पाना घेऊन बोल्ट आवळत. हा हात मागे बांधून उभा राहायचा. इंजिन रॉकेलने धुऊन सुकवायचा, वर तोंडाला लावायची पावडर फुंकायचा आणि म्हणायचा, "आता दोन मैल मारून येवा."

परत आलं की तो उकिडवा बसून बघायचा. तेल खाली दिसतं, पण सुटतं वरून, आणि वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून पावडर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे भिजली असेल, ती जागा खरी. कधी पॅकिंग गेलेलं निघे, कधी नुसती हवेची नळी चोंदलेली. माझ्या गाडीचं हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, पॅकिंग गेलं होतं. गणपतीची चवथ झाल्यावर त्याने ते बदललं. बोल्ट थंड इंजिनावर, समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले.

"बोल्टांक काय लावू?" मी विचारलं.

"ग्रीस. पण बोटभर नुको. लावचा आणि पुसचा. केरीसून इलात की गोड्या पाण्यान धुवा. चार दिवस धुतल्यात, पाचव्या दिवशी कंटाळल्यात, असां नुको."

पाचव्या दिवशी मी कंटाळलो.

केरीला होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं काळं तेल लावतात. मला वाटलं, जे तेल होडीला खाऱ्या पाण्यात टिकवतं ते बोल्टांना का नाही टिकवणार? एका पालकाकडून बाटलीभर आणलं आणि कोंबडीच्या पिसाने हेडच्या प्रत्येक बोल्टावर चोपडलं. स्वतःवर खूश झालो. दोन दिवसांनी इंजिनावरून काळा ओघळ उतरला, अगदी नव्या पॅकिंगच्या खाली.

मी गाडी मेस्त्र्याकडे नेली. गोव्यात ते दिवस भाषेच्या वादाचे होते. मराठी की कोंकणी, यावरून घराघरांत बोलणं बंद झालेलं. मी मराठी शाळेचा मास्तर, सभेत पहिल्या रांगेत. मेस्त्री दुसऱ्या बाजूच्या सभांना जायचा. बोलायचो मात्र दोघेही तेच, पेडण्याचं.

त्याने ओघळ बोटाने पुसला, नाकाशी नेला.

"मास्तरांनू, ह्यां इंजिनाचां त्याल न्हय. वास वेगळो. काय लायलात?"

गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक हसून म्हणाला, "मास्तर भाषणां करतत, त्याचांच त्याल गळता आसतलां!"

मेस्त्रीही हसला. मी म्हणालो, "काय नाय लायलंय."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मास्तर सांगतोय म्हणून पुन्हा हेड उघडलं. दुसऱ्या गाड्या बाजूला सारून दिवस घालवला, उघड्या हातांनी सगळं पुसलं, पॅकिंग दुसरं घातलं, पैसे घेतले नाहीत. बोल्ट तेच, माझे चोपडलेले. आट्यांत उरलेलं काळं तापलं की उतरायचंच. तीन दिवसांनी पुन्हा उतरलं.

त्या संध्याकाळी हॉटेलात पातळभाजी खाताना आम्ही पाच जण टेबलाभोवती होतो, मी आणि चौघे. कुणीतरी विचारलं, गाडीचं काय झालं? मी म्हणालो, "दोनदा उघडली, तरी गळते. त्याचं लक्ष हल्ली सभांत. हात कुठे कामात असतो?"

एवढंच. 'त्याने मुद्दाम केलं' असं मी म्हणालो नाही. ते दुसऱ्या दिवशी बाजारात आपोआप झालं. मराठीवाल्यांच्या गाड्या तो बिघडवतो, असं. मी ते ऐकलं आणि चष्मा पुसत उभा राहिलो.

बायकोला मी नंतर एक गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी मी घरीच बोल्ट काढून धुतले, पावडर फुंकली, फिरवून आणली, पावडर कोरडीच राहिली, आणि तेव्हा कुठे मला चूक कळली. हे सगळं घडलं, पण कळलं मला तेव्हा नाही. मेस्त्र्याने बोट नाकाशी नेलं त्याच क्षणी कळलं होतं. रविवारची गोष्ट मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आलो.

वर्षाच्या आत त्याने गॅरेज बंद केलं. डिचोलीकडे खाणीच्या ट्रकांच्या कामाला लागला. चौदा वर्षं मी बाजाराजवळच्या त्या गॅरेजच्या रस्त्याने गेलो नाही. गेलोच तर बसमध्ये उजवीकडे बसायचो, कारण ते गॅरेज डावीकडे लागतं.

गेल्या वर्षी डिचोलीच्या बाजारात तो समोरच आला. केस पांढरे झालेले. मी भाजीची पिशवी हातातच धरून भराभर सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं तो चिडेल.

"माका खबर आसा," तो म्हणाला. "दुसऱ्या दिसा बोटांची कातडी सोलान गेली. इंजिनाच्या तेलान कातडी जायना, मास्तरांनू. काजूच्या तेलान जाता."

"मग बोललंस कित्याक ना?"

"खंय बोलू? तुमी मास्तर. आणि तवा मी काय बोल्लंय तरी ता भाशेचांच जाता. आता सांगतात तर पेडण्यांत सांगा. माजो जावय थंय गॅरेज घालता. लोक त्येका इचारतत, तुजो मांव तोच मरे, गाड्यो बिघडवता तो?"

त्याच आठवड्यात मी पेडण्यात सांगायला निघालो. त्या टेबलावरचे दोघे लगेच भेटले. एकाला आठवत नव्हतं. म्हणजे माझं वाक्य आठवत नव्हतं, मेस्त्री गाड्या बिघडवतो हे पक्कं आठवत होतं. दुसरा म्हणाला, "सोडा ओ मास्तर, आता कोण भांडता भाशेवरसून?" तिसरा वारला आहे. त्याच्या मुलाला मी दारात उभं राहून सांगितलं. त्याने मला पाणी दिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

चौथा आता पंचायतीत आहे, त्याचा शब्द गावात चालतो. त्याच्या ओसरीवर आणखी तिघे बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. बोल्ट, काजूचं तेल, माझं खोटं, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, तुमी भले माणूस. त्या पोराचां गॅरेज चालूचां म्हणून सगळां आपल्या अंगार घेतात." आणि त्या तिघांना म्हणाला, "बगा रे, शिक्षक असो आसूक व्हयो."

मी पुन्हा सांगू लागलो, आवाज चढला. तिघे आदराने माना हलवत राहिले. चहा आला. तो मी प्यालो, हेही सांगायला हवं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घरी बायको म्हणते, किती जणांना सांगत फिरणार? मला माहीत नाही. तोंडी सांगितलं की माझाच मोठेपणा होतो. म्हणून हे छापायला लिहून दिलं आहे. पेडण्यात कुणी वाचलं तर मोठ्याने वाचावं: मेस्त्र्याने बसवलेलं पॅकिंग पहिल्या दिवसापासून कोरडं होतं. गाडी गळत नव्हती. मी खोटं बोललो.