काळ्या मातीवरचे पांढरे गोटे

चैत्रातल्या काळ्या मातीवर मी पांढरे गोटे पसरले होते. खाली मुरूम टाकला नाही, घमेलंभर वाळूसुद्धा नाही, आणि वरून त्या मातीला पाइपानं पाणी पाजलं. आमच्या परभणीकडचं शेंबडं पोरही असलं काही करणार नाही. मी चाळिशीला आलेली, दोन लेकरांची आई, शेतकऱ्याची लेक. मी केलं.

हे आठवायचं कारण माझी नात. तिनं नव्या घराच्या अंगणात कारंजं बसवलंय आणि भोवती काय मांडू म्हणून रोज फोनवर चित्रं पाठवते. प्लास्टिकचं गवत, काचेचे निळे खडे, उन्हावर चार्ज होणारे काजवे. मी सगळ्याला छान म्हणते. तिची फजिती तिची तिनं करावी, त्यात माझी लुडबूड नको. मी माझी सांगते.

तेव्हा आम्ही पूर्णेला नवीन घर बांधलं होतं. नवरा शाळेत क्लार्क, घर दोन खोल्यांचं, अंगण मात्र ऐसपैस. गल्लीच्या टोकाला सरकारी बंगला आणि त्यात एक साहेबीण राहायची. साहेबिणीच्या बागेत कारंजं होतं. दर चैत्रात ती गौरीचं हळदीकुंकू करायची आणि आम्ही कारकुनांच्या, मास्तरांच्या बायका तिच्याकडे जाऊन कारंज्याभोवती घोळक्यानं उभ्या राहायचो. त्या घोळक्याची मिजास काय सांगावी. एकीचा नवरा हेडक्लार्क झाला तर ती वर्षभर मान वाकडी करून बोलत होती.

एका वर्षी तिथं कुणाची तरी भावजय आली, तालुक्याबाहेरच्या खेड्यातली. तिनं चपला फाटकाबाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसली. आमच्यातली एक म्हणाली, "गावाकडचीच की ती." सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? मी. माझं माहेर पालमच्या पलीकडं, बापाची कोरडवाहू जमीन, आणि लग्न होईपर्यंत मी कापूस वेचलेला. हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. माहेर कुठलं म्हणून विचारलं की मी "परभणीच" म्हणून मोकळी व्हायचे. साहेबीण त्या दिवशी हसली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच खूळ, आपण गावाकडच्या नाही हे या बाईच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचं. त्यासाठी अक्कल लागते असं मला वाटलं नाही. कारंजं लागतं असं वाटलं.

तर पुढच्या चैत्राआधी आमच्या अंगणात कारंजं आलं. सिमेंटचं, तीन मजली, वर कमळ. कमळ म्हणजे विकणारा म्हणाला म्हणून कमळ, मला तर तो फुलकोबी वाटला. ते आणून अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि खरा शौक सुरू झाला तो भोवतीच्या सजावटीचा. एका मासिकातलं चित्र मी फाडून ठेवलं होतं. त्यात हिरवळ होती, पांढऱ्या गोट्यांचं कडं होतं, गोल फरशीची वाट होती आणि गोरी बाई टोपी घालून उभी होती. टोपी सोडून बाकी सगळं मला हवं होतं.

त्या जागेवर सासूबाईंचा गवती चहा होता, गुलबक्षी होती, कोरफड होती. सगळं उपटलं. तिथं क्रोटनच्या कुंड्या मांडल्या आणि प्लास्टरची चार बदकं बसवली. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या.

"काय करायलीस गं उन्हात?"

"बदकं बसवते."

"मातीत? पाण्यात जागा न्हाई का त्यांना?"

"शोभेची आहेत ती."

"आन माझा चहा?"

"लावू दुसरीकडं."

"लाव बाई. तवर पाहुण्यांना बदकाचा काढा करून दे."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. सासूबाईंचं त्यानं काही अडलं नाही, उलट बदकांशी बोलायला लागल्या. येता जाता विचारायच्या, जेवलाव का रे.

फरश्या आल्या त्या दिवशी नवऱ्यानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, "या मातीवर डायरेक्ट बसतील का? तुला यातलं जास्त कळतं." म्हणजे विचारायला तो माझ्याकडंच आला. आणि मला कळत होतंच. आमच्याकडं साधी गोठ्याची भिंत उभी करायची तरी काळी माती उकरून काढतात, मुरूम भरतात, तो चोपतात आणि मगच दगड ठेवतात. ती माती उन्हात फाटते आणि पाण्यात फुगते, तिच्यावर ठेवलेलं काही जागेवर राहत नाही. भावाला नुसता निरोप धाडला असता तर मुरमाचा ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला असता. पण अडचण तीच होती. ट्रॅक्टर दारात आला की त्याच्यावर पागोट्याचा भाऊ बसलेला असणार, तो "अक्का" म्हणून हाक मारणार आणि गल्लीला माझं माहेर कळणार.

मी नवऱ्याला म्हणाले, "हे काय शेत आहे का? बाग आहे ही."

मातीला हा फरक कुणी सांगितला नव्हता. ऊन चढलं तशा तिला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या. मी रोज सकाळी बघायचे तर गोटे कमी. मी आधी शेजारच्या पोरांवर आळ घेतला, त्यांच्या आईशी भांडून आले. मग एक दिवस वाकून बघितलं तर गोटे भेगांत जाऊन बसलेले. तिथंही शहाणपण सुचायला वाव होता. मी काय केलं, तर बोअरचं पाणी भेगांत सोडलं. भेगा मिटल्या. गल्लीला नळाचं पाणी आठवड्यानं येत होतं, बायका घागरी घेऊन आमच्या बोअरवर यायच्या, आणि मी मातीला पोटभर पाजत होते. दोन दिवस ऊन खाऊन वरची साल वाळली, छान टणक दिसायला लागली. त्यावर मी फरश्या नीट ओळीत मांडल्या, उरलेले गोटे धुऊन पसरले आणि पदरानं घाम पुसत स्वतःवर खूश झाले. मासिकातल्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून उभी होते. कुणी फोटो काढला असता तर आज फाडायला तरी मिळाला असता.

हळदीकुंकवाला मी साहेबिणीला खास बोलावणं केलं. गौर ओसरीवर पाळण्यात बसवली, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे सगळं तयार. पण बायका थेट ओसरीवर गेल्या तर कारंजं कोण बघणार? म्हणून हळदीकुंकवाचं ताट मी मुद्दाम कारंज्याच्या कडेला चौरंगावर ठेवलं. तिथूनच यायचं, तिथंच कुंकू लावून घ्यायचं. माझा बेत पक्का होता.

बायका आल्या. मोटार लावली, फुलकोबीतून पाणी उडालं, "अय्या, कारंजं" वगैरे झालं. साहेबीण शेवटी आली, मोतिया रंगाच्या साडीत. मी पुढं होऊन तिला फरशीच्या वाटेनं आणलं. तिसऱ्या फरशीवर तिनं पाय ठेवला आणि फरशी एका बाजूनं खाली गेली, दुसऱ्या बाजूनं वर आली. साहेबिणीचा पाय घोट्याच्या वर चिखलात. वरची साल नुसती साय होती, खाली सगळा लगदा. तिला धरायला दोघी धावल्या, त्याही रुतल्या. तेवढ्या भारानं कारंजंही कललं, आणि वरचं पाणी टाक्यात पडायचं सोडून हळदीकुंकवाच्या ताटात पडायला लागलं. चौरंगावरून लाल-पिवळा ओघळ निघाला तो बदकांपर्यंत. एक बदक आडवं झालं होतं.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "लागलं बरं का पाणी एकदाचं त्यांना."

त्या दोघी पाय सरळ वर ओढत होत्या आणि अजून खाली जात होत्या. काळा चिखल असा सोडत नसतो. साहेबिणीनं मात्र कुणाचा हात घेतला नाही. तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली, टाच आधी हलवली, पाऊल जरा आडवं फिरवलं, चिखलात हवा जाऊ दिली, मग बोटं खाली करून पाय अलगद वर घेतला. चप्पल आत सोडून दिली आणि नंतर वाकून हातानं उपसली. मी बघतच राहिले. असा पाय काढायला बंगल्यात शिकवत नाहीत. ते पावसाळ्यात शेतात शिकावं लागतं, आणि मी तसंच शिकले होते.

बायका कुजबुजत होत्या, कुणी तोंडाला पदर लावून हसत होती. मी साहेबिणीला ओसरीच्या पायरीवर बसवलं आणि परात घेऊन तिच्या पायाशी बसले. सवाष्णीचे पाय धुवायची रीत आहेच, पण त्या दिवशी रीत म्हणून कोण धूत होतं? चिखल नखांत गेला होता, काही केल्या निघेना. मी मान वर केली नाही. माझी एवढीच इच्छा होती की या बाईनं काही विचारू नये. तिनं विचारलं नाही. सासूबाईंनी पुढं केलेलं पन्ह्याचं भांडं तिनं सावकाश रिकामं केलं, पदरानं ओठ टिपले आणि माझ्याकडं वाकली. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणारी बाई, पण तेव्हा थेट आमच्या बोलीत, मला एकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी पालमकडच्या शेतकऱ्याची लेक हाय म्हून कुणीतरी सांगितलं व्हतं मला. तसलं कायबी न्हाई, ह्या फरश्या बघून पटलं, असं सांगते मी आता समद्यांना."