खडूचं स्वयंपाकघर

आमचं स्वयंपाकघर कुठे असावं हे तीन पुरुषांनी ठरवलं, आणि त्या तिघांपैकी एकालाही कुकरच्या किती शिट्या झाल्या की गॅस बंद करायचा हे माहीत नव्हतं. एक माझा नवरा, दुसरा धाकटा दीर आणि तिसरा दिराचा मित्र, जो बांधकामाची छोटी-मोठी कंत्राटं घ्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी माझ्याच हॉलमध्ये, रविवारमागून रविवार, उघड्या डोळ्यांनी पाहिलं. वर त्या तिघांना आलं घालून चहाही करून दिला. आज त्या चहाची आठवण झाली तरी माझं डोकं तापतं.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता, त्यानंतरची ती वर्षं. माझे सासरे गिरणीतच होते, पण ते संपाच्या आधीच वारले. ते गेल्यावर सासूबाईंनी लालबागची चाळीतली खोली विकली आणि त्या पैशांत नाहूरला हे घर घेतलं. घर त्यांच्या पैशाचं, पण कागदावर नाव थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. बाईमाणसाच्या नावावर कशाला, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. सासूबाईंनीसुद्धा हलवली.

घर म्हणजे एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि हॉलला लागून लांबट गॅलरी. हॉलमध्ये मी, हे आणि आमची मुलगी झोपायचो. गॅलरीत पत्र्याचा पाण्याचा ड्रम होता आणि त्याच्या शेजारी दिराची लोखंडी खाट. सासूबाई स्वयंपाकघरात झोपायच्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याच दिवशी त्यांनी आपली वळकटी उचलून आत नेली आणि दार ओढून घेतलं. मुलगा आणि सून ज्या खोलीत झोपतात तिथे आईने झोपायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यावर कधी चर्चा झाली नाही आणि आम्हालाही ते सोयीचंच होतं.

रात्री ओटा पुसून झाला, लादी कोरडी झाली की त्या वळकटी सोडायच्या आणि पिठाच्या डब्याला तळपाय टेकवून, हात दोन्हीकडे टाकून अगदी ऐसपैस झोपायच्या. दिवसभर त्यांचे पाय दुमडलेलेच असत. विळीवर बसून नारळ खवायचा, पाट्यावर वाटप वाटायचं, मोरीत उकिडवं बसून भांडी घासायची. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, त्यामुळे दुपारचं सगळं त्यांच्याच अंगावर. त्या म्हणायच्या, "दिसभर आकडलेले पाय राती तरी सोडूक व्हये." त्यांची चैन म्हणावी तर एवढीच. दागिना नाही, सिनेमा नाही, फक्त रात्री पाय लांब करायला स्वयंपाकघराची लादी.

मग दिराचं लग्न ठरलं. मुलगी घाटकोपरची, चांगली शिकलेली, नोकरी करणारी. बोलणी करायला तिचे वडील आमच्याकडे आले आणि त्यांनी सरळ विचारलं की नवरा-बायकोला वेगळी खोली असेल ना. त्यांचं काहीच चुकलं नाही. माझ्या मुलीसाठी मीही हेच विचारलं असतं. पण माझ्या नवऱ्याने क्षणभरही न थांबता म्हटलं, "असेल की." मी पोह्यांच्या बशा घेऊन तिथेच उभी होते. घरात एक खोली जास्तीची आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाहुणे गेल्यावर ती खोली कुठली ते मला सांगण्यात आलं. स्वयंपाकघर रिकामं करायचं, तिथे नव्या जोडप्याची खोली करायची आणि स्वयंपाक गॅलरीत हलवायचा. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी हेच केलंय, असं मला तीन-तीनदा ऐकवलं. ते खोटं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्यांनी गॅलरीला ग्रिल आणि काचा लावून ओटा बसवला होता, वरच्यांनीही बसवला होता. खाली उभं राहून वर पाहिलं तर प्रत्येक मजल्यावर एक बाई भिंतीला चिकटून पोळ्या लाटताना दिसायची. पावसाळ्यात ग्रिलवर प्लॅस्टिक बांधायचं आणि वाऱ्याने गॅस विझला की पुन्हा काडी ओढायची. याला म्हणे सोय.

मला गप्प करायला त्यांनी बरोबर गळ टाकला. नव्या ओट्यात स्टीलचं सिंक बसवू, म्हणाले. सिंक! माझी कंबर तेव्हापासूनच दुखायची. दिवसभर टाईपरायटरपुढे बसून आल्यावर मोरीत उकिडवं बसून कढया घासायच्या म्हणजे काय असतं ते ज्याने घासल्यात त्यालाच माहीत. उभ्याने भांडी घासायची, नळ हाताशी, पाणी आपोआप खाली जातंय, हे चित्र मी कित्येकदा मनात रंगवलं होतं. त्यामुळे दिराचा मित्र कागद-पेन्सिल घेऊन बसला तेव्हा खरं सांगते, चार दिवस मीही हुरळले. ओटा कडप्प्याचा की संगमरवराचा, असं मला विचारलं. मी म्हटलं कडप्पा, संगमरवर हळदीने पिवळा पडतो आणि लिंबाने झिजतो. टाइल्स पांढऱ्या की पिवळट? पिवळट, फोडणीचे डाग दिसत नाहीत. मिक्सरसाठी प्लग कुठे? ओट्याची उंची किती? या सगळ्याला माझी उत्तरं तयार होती आणि प्रत्येक उत्तरावर तो मित्र म्हणायचा, वहिनी एकदम झकास बोलल्या. रंग विचारला, उंची विचारली. हे करायचं की नाही, तेवढं मात्र कोणी विचारलं नाही.

एका सकाळी मी स्वयंपाकघर झाडत होते. दाराआड नेहमीप्रमाणे सासूबाईंची वळकटी उभी होती. झाडण्यासाठी ती बाजूला उचलली आणि हातात धरून मी तशीच उभी राहिले. ही वळकटी कुठे जाणार? कपाट कुठे, पलंग कुठे, सिलिंडर कुठे, अगदी मीठ-मसाल्याची फळी कुठे, हे सगळं कागदावर काढून झालं होतं. स्वयंपाकघरात एक माणूस झोपतं हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मी ह्यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, आई काय, हॉलमध्ये झोपेल. मी म्हटलं, आपण असताना त्या झोपणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. मग गॅलरीत झोपेल, हे म्हणाले, ओट्याच्या बाजूला जागा राहतेच की. आणि पेपरचं पान उलटलं. त्या पान उलटण्याचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा आला असेल. ज्या बाईने आपली खोली विकून हे घर उभं केलं, तिची जागा सिलिंडर आणि ड्रमच्या मधे उरेल तेवढी.

सासूबाईंनी हे ऐकलं होतं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा काय ता, मी खयव पडतलंय." माझं काय. हे दोन शब्द मी सासरी आल्यापासून ऐकत होते. मासळीतली डोक्याची तुकडी घेताना माझं काय, दिवाळीला साडी न घेताना माझं काय. त्या वेळी मला मुलापेक्षा आईचा राग जास्त आला. मुलगा तिला विसरला होता, पण तिने त्याला विसरायला मोकळीक दिली होती.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर तो मित्र आला. गॅलरीत खाट आणि सामान, त्यामुळे तिथे मापं घेता येईनात. म्हणून हॉलमधलं सगळं भिंतीला सरकवून, मुलीच्या पाटीचा खडू घेऊन त्यांनी लादीवरच गॅलरी आखली. हा ओटा, हा सिलिंडर, हा ड्रम, इथे दार उघडतं. तिघंही खुशीत होते. लहान पोरं घर-घर खेळतात तसा प्रकार. मधे जो पट्टा उरला त्याच्याकडे बोट दाखवून मित्र म्हणाला, दोघी जणी आरामात फिरतील.

मी म्हटलं, फिरायचं राहू द्या. मग सासूबाईंना हाक मारली आणि म्हटलं, "आई, जरा इथे आडव्या होऊन दाखवा यांना."

माझा हिशोब साधा होता. त्या आडव्या होतील, त्यांचे पाय ड्रमच्या रेषेबाहेर जातील, आणि तिघांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. बोलून जे कळत नाही ते पाहून तरी कळेल. सासूबाई आल्या, पदर सावरला आणि खडूच्या त्या पट्ट्यात कुशीवर आडव्या झाल्या. पाय रेषेबाहेर गेले. हातभर गेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हेही पाहत होते.

तेवढ्यात सासूबाईंनी मान वळवून आपल्या पायांकडे पाहिलं. रेषेकडे पाहिलं. आणि हळूच गुडघे दुमडून पोटाशी घेतले. पदराचं टोक बाहेर राहिलं होतं तेही आत ओढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, मावतंय मी."

दीर म्हणाला, झालं ना मग. मित्राने खडू खिशात टाकला.

मी मोरीतून ओलं फडकं आणलं. सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि सगळी लादी पुसून काढली. ओटा, सिलिंडर, ड्रम, सगळं. मला मोठ्याने रडायला येत होतं, पण मी रडले नाही, कारण रडले असते तर विषय माझ्या रडण्यावर गेला असता. हे म्हणाले, मग खोली कुठून आणू मी? मी म्हटलं, "‘असेल की’ म्हणालात तेव्हा मला विचारलं होतंत? गॅलरीत ओटा बांधायचा तर बांधा, हवे तर दोन बांधा. मी तिथे काडी ओढणार नाही आणि आईंनाही ओढू देणार नाही. ज्यांनी आखला त्यांनी तिथे उभं राहून भाकऱ्या थापाव्यात."

दीर बाहेर जेवून यायला लागला. हे मला म्हणाले की तुला चार माणसांत माझी लाज काढायची होती ती काढलीस. मी म्हटलं, हो, काढली. शेवटी दिराने कळव्याला भाड्याची खोली पाहिली आणि लग्न झाल्यावर दोघं तिकडे गेली.

आणि बोल कोणाला लागला? मला. लग्नाला गावाहून आलेल्या आत्या, काकी, सगळ्यांच्या तोंडी एकच. थोरलीला ओटा सोडवेना म्हणून धाकट्याला घर सोडावं लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी पंगतीत वाढत होते आणि हे माझ्या कानावर पडत होतं. सासूबाई त्यांच्यातच बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या असत्या, माझ्यासाठी केलं तिनं, एवढंच, तरी मला पुरलं असतं. त्या वरणात भात कालवत राहिल्या.

मजा म्हणजे जाऊ तिकडे खूश होती. पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा तिने मला हाताला धरून तिचं स्वयंपाकघर दाखवलं. छोटंसं, पण तिचं एकटीचं, आणि ओट्याच्या टोकाला चकचकीत स्टीलचं सिंक. नळ सोडून दाखवला तिने मला. बरं झालं वहिनी, म्हणाली, तुमच्यामुळे. हे तेवढं गावच्या आत्यांसमोर म्हणाली असती तर. मी घरी आले, साडी खोचली आणि मोरीत उकिडवी बसले.

पण या सगळ्याचा राग मी गिळला असता. आपण एक चांगली गोष्ट केली, ओटा जागेवर राहिला, आई आपल्या जागी राहिल्या, असं म्हणून मी मनाला समजावलंही होतं. लग्नाची गडबड संपल्यावर एका सकाळी मी चहा ठेवायला आत गेले. एरवी त्या माझ्या आधी उठलेल्या असत, त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून पडून होत्या. सबंध स्वयंपाकघर मोकळं होतं. पिठाचा डबा तिकडे लांब होता. आणि त्या ओट्याला चिकटून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्या होत्या. त्या रविवारी दाखवलं होतं तशाच.

मला वाटलं थंडी वाजत असेल. अंगावर चादर घातली आणि म्हटलं, "आई, पाय पसरा ना. केवढी जागा आहे."

त्या जाग्याच होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "ऱ्हावंदे गो. सवय करून ठेवतंय. परत कधी खय जावचा लागात, कोणाक म्हायती?"

माझ्या हातातलं चहाचं भांडं मी ओट्यावर आदळलं. बाहेरून ह्यांनी विचारलं, काय पडलं.