न आलेला वारसा कर

कुवेतच्या महबूल्यात आमच्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी कोणाकडे तरी पोहे व्हायचे आणि भारतातून शिळी होऊन आलेली वर्तमानपत्रं हातोहात फिरायची. दोन हजार सालानंतरच्या अशाच एका शुक्रवारी पुण्याचा एक इंजिनिअर म्हणाला, "वारसा कर परत आणायचं चाललंय. म्हातारे गेले की सरकार आधी वाटा घेणार. घरं आत्ताच बक्षीसपत्र करून नावावर घ्या."

"अरे, तुझे वडील तर ठणठणीत आहेत," कोणीतरी त्याला म्हणालं.

"म्हणून तर सही करता येते ना!"

सगळे हसले, मीही. पण नंतर चैन पडेना. मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत कामावर जाता-येता डोक्यात एकच, बाबांनी शिक्षकाच्या पगारात बांधलेलं नाशिकचं घर. त्यांना फोनवर पटवलं आणि रजा टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी हाती आलेल्या पेपरात होतं, तो प्रस्ताव बारगळला. मी पेपर कचऱ्यात टाकला आणि विमानात बसलो. हे चारचौघांत कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

निबंधक कार्यालयात बाबांनी सही केली. नाशिकमध्येच दिलेल्या माझ्या बहिणीला, ताईला, आम्ही कळवलं नाही.

मी कुवेतला परतलो. त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर बाबा काहीतरी विचारायचे. "मागच्या भिंतीला रंग काढू का रे? तुझी हरकत नसेल तर." चार-पाच महिने मी हे ऐकलं. मग राहवेना.

"बाबा, तो कर येणार नव्हता. मला सहीच्या आधीच कळलं होतं."

"मलाही. पेपर इथे तुझ्या आधी येतो."

"मग सही का केलीत?"

"तू रजा टाकून आला होतास. तुला तसंच परत कसं पाठवायचं?" मग म्हणाले, "ताईला मात्र तूच सांग. ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

तिला त्याच दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं, रडेल, भांडेल. तिने एवढंच विचारलं, "बाबांना राहू देशील ना रे तिथे?"

"अगं, काय बोलतेस!" मी ओरडलोच.

"मग तसं लिहून दे."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बुडवून मी भारतीय वकिलातीच्या रांगेत उभा राहिलो. वडिलांना त्यांच्या हयातीत त्या घरातून कोणी काढणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर शिक्का मारून घ्यायला.